कष्टाचे कापड आणि हौसेचे कापड

जपानच्या ओकायामा प्रांतात कोजिमा नावाचा भाग आहे. तेथे तयार होणाऱ्या जीन पँटी जगभरचे शौकीन मागवून घेतात. ही पँट नवी असते, पण जुन्याची हुबेहूब नक्कल असते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला खाणमजूर, रेल्वेचा कामगार, गुराखी जी पँट घालीत होता तिचे सूत, तिची वीण, तिची नीळ, तिच्या खिशाच्या कोपऱ्यावरचे तांब्याचे खिळे, सारे जसेच्या तसे उतरवलेले असते. आपल्याकडे पोहोचेपर्यंत तिची किंमत वीस हजार रुपयांच्या पुढे जाऊ शकते. घेणारा ती महिनोन् महिने धूत नाही. का, तर त्याच्या अंगाच्या घड्यांप्रमाणे तिचा निळा रंग उडावा आणि त्या उडालेल्या रंगात त्याची 'ओळख' उमटावी! मुंबई, पुणे, बंगळूर येथेही असे संग्राहक आहेत. मजुराचा कोट, मजुराची टोपी, मजुराचे बूट ते जमवतात आणि अंगावर मिरवतात. ते स्वतः मजूर नसतात.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ही पँट मिळणार नाही. पण तिची सावली तेथे पोहोचली आहे. यंत्राने घासून विटवलेली, गुडघ्यावर फाडलेली पाच-सहाशे रुपयांची पँट आमचा विद्यार्थी घेतो आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घालतो. पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या कपड्यांतले वडीलधारे त्याच्याकडे पाहतात आणि म्हणतात, 'फाटक्यातून बाहेर काढायला बाबासाहेबांनी जन्म घातला आणि हे पुन्हा फाटकेच घालतात!' या वाक्यात राग आहे, तसाच एक सबंध इतिहासही आहे. तो इतिहास तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. कापड हा क्षुल्लक विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्या अंगावरचे कापड कोणी कधी हिसकावून घेतलेले नसते.

१

शौकीन मंडळी या कापडाची वंशावळ युरोपात नेऊन थांबवतात. फ्रान्समधल्या नीम शहरावरून 'डेनिम' आणि इटलीतल्या जिनोआ बंदरावरून 'जीन' हे शब्द आले असे ते सांगतात. पण इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द कोठून आला? तो आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून आला. डोंगरीच्या किल्ल्याजवळ विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत या नावाने येते. त्याची शिडे झाली, खलाशांच्या विजारी झाल्या. पुढे कामकऱ्याच्या अंगावरच्या जाड निळ्या पोशाखालाच ते नाव चिकटले. म्हणजे जगभरच्या मजुराच्या पोशाखाचे एक नाव मराठी मुलखातले आहे. ते कापड ज्यांनी कातले-विणले त्यांचे नाव मात्र त्या वंशावळीत नाही.

आज जिची पूजा चालते ती पँट २० मे १८७३ रोजी अमेरिकेत पेटंट झाली. नेवाडातल्या रिनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याने मजुराचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांना खिळे ठोकले आणि कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस याने त्याच्याबरोबर पेटंटात भागी केली. येथपर्यंतची कथा कष्टाची आणि युक्तीची आहे, आणि ती खरी आहे. पण पुढे काय झाले? २०२२ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिको राज्यात एका जुन्या खाणीत सापडलेल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या लिव्हाइज पँटीचा लिलाव झाला. ७६ हजार डॉलरची बोली लागली, आणि लिलावाची दलाली धरून किंमत ८७ हजारांवर गेली. त्या पँटीच्या खिशाच्या आतल्या कापडावर एक ओळ छापलेली होती. ही पँट फक्त गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे, अशी ती ग्वाही होती. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला, त्या काळातली ही जाहिरात. मजुराच्या पोशाखात मजुराचाच द्वेष शिवलेला होता! बाहेरून खिळे आणि आतून वर्णाभिमान. संग्राहकाने दोन्हींची किंमत एकदमच मोजली.

आणि नीळ? अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलायनातली नीळ आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी पिकवली. बंगालमध्ये रयतेने १८५९-६० साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बंड केले. चंपारणचा १९१७ चा लढाही निळीचाच. १८९७ साली जर्मनीत कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ मेली. तेव्हा त्या मळ्यांतल्या माणसांचे काय झाले याची चौकशी शौकिनांच्या कोणत्याही यादीत नसते.

२

आता जपानकडे वळू. १९४५ च्या पराभवानंतर जपानमध्ये अमेरिकन फौजा आल्या. त्यांच्या मागोमाग त्यांचे वापरलेले कपडे टोकियोच्या उएनो भागातल्या बाजारात विकले जाऊ लागले. उतरलेले कपडे विकत घेऊन जिंकणाऱ्याचे रूप अंगावर चढवणाऱ्या तरुणांची ती पिढी होती. कोजिमात शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने होते. त्यांतल्याच एकाने १९६५ साली अमेरिकन कापडाची पहिली जपानी जीन पँट काढली. १९७३ साली कुराबो गिरणीने संपूर्ण जपानी डेनिम विणले. १९७९ ते १९९५ या काळात ओसाका शहराच्या आसपास स्टुडिओ दार्तिझां, डेनीम, एव्हिसू, फुलकाउंट आणि वेअरहाउस असे पाच छोटे उद्योग निघाले आणि त्यांनी जुन्या अमेरिकन पँटीचा टाका न् टाका उसवून अभ्यास केला. अमेरिका स्वतःची जुनी यंत्रे मोडीत काढीत होती, आणि जपान त्या जुन्या विणीची नक्कल करीत होता. उत्तर कॅरोलायनातली व्हाइट ओक ही प्रसिद्ध डेनिम गिरणी २०१७ साली बंद पडली. मूळ मेले आणि नक्कल जगली.

या मेहनतीला कमी लेखण्याचे कारण नाही. एखाद्या कामकऱ्याचा खिसा कसा शिवलेला होता हे जाणण्यासाठी वर्षे घालणारी माणसे आमच्या विद्यापीठांतही विरळाच आहेत. पण जपानच्या या निळ्या कापडाखाली आणखी एक कापड आहे. उत्तर जपानच्या थंड तोहोकू प्रांतात कापूस पिकत नव्हता. तेथल्या गरीब शेतकरी बायका चिंध्यांना चिंध्या जोडून, निळीत रंगवून, धावदोरा घालून पांघरुणे करीत. पिढ्यान् पिढ्या तीच पांघरुणे चालत. त्यांना 'बोरो' म्हणजे लक्तर म्हणत. युद्धानंतर लोकांना या लक्तरांची लाज वाटू लागली आणि त्यांनी ती फेकून दिली. आज तीच लक्तरे कलावस्तू म्हणून मोठ्या किमतीला विकली जातात. हे वाचताना आमच्या वाचकाला आपल्या आईची वाकळ आठवल्याशिवाय राहणार नाही.

आणखी खोल गेले की जातही सापडते. क्योतो परिसरात निळीने कापड रंगवणाऱ्यांना 'आओया' म्हणत. तोकुगावा राजवटीत त्यांना हीन मानले गेले आणि तुरुंग व वधस्तंभाशी निगडित कामे त्यांच्या माथी मारली गेली. मेलेले जनावर ओढणारे, कातडे कमावणारे बहिष्कृत लोक ज्या बाजूला होते त्याच बाजूला निळीत हात बुडवणाराही ढकलला गेला. याच बहिष्कृतांच्या वारसांनी, बुराकुमिनांनी, ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत 'सुइहेइशा' म्हणजे समतेची संघटना उभी केली आणि आपल्या माणूसपणाचा जाहीरनामा काढला. आपल्या महाडच्या पाच वर्षे आधीची ही घटना आहे. निळ्या पँटीवर पुस्तकेच्या पुस्तके निघतात. निळ्या हातांवर किती पाने खर्ची पडतात?

३

शौकिनांच्या भाषेत सर्वांत मानाचा शब्द 'सेल्व्हेज' हा आहे. त्याचा अर्थ सरळ आहे. जुन्या मागावर धोटा आडव्या सुताला घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे आणि परत असा अखंड फिरतो. त्यामुळे कापडाला दोन्ही बाजूंनी पक्की किनार येते, ते उसवत नाही. नव्या बिनधोट्याच्या यंत्रांवर कापड रुंद आणि झपाट्याने निघते, पण आडवे सूत दर फेरीला कापले जाते आणि ती बंद किनार राहत नाही. म्हणून पँटीचा पाय बाहेरून दुमडून ही किनार जगाला दाखवण्याची पद्धत पडली. धोट्याच्या मागाचे कापड, हीच त्या पँटीची प्रतिष्ठा.

मित्रहो, या धोट्याला आपण चांगले ओळखतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेवाल्याला, म्हणजे विणकाम खात्यातल्या कामगाराला, बाबिनचे सूत संपले की नवी कांडी घालावी लागे. धोट्याच्या भोकातून सुताचे टोक बाहेर काढायचे तर ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत. अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांनी सांगितले आणि विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद राहिली. विणकाम खात्यात पगार जास्त होता. अस्पृश्य कामगार रिंग खात्यात आणि त्याहून हलक्या कामांत अडकून पडला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. कामगारांची एकजूट हवी असेल तर धोट्यावरचा हा विटाळ आधी काढा, अशी त्यांची भूमिका होती. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना जातीचे उत्तर द्यावे लागले ते या लाकडी धोट्याने. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्यांतला पहिला शत्रू कारखान्याच्या आत कसा शिरतो याचा पुरावा विणकाम खात्याच्या दारातच उभा होता.

आणखी एक गोष्ट. जपानी कापडात मुद्दाम दोष ठेवले जातात. सूत कोठे जाड कोठे बारीक, वीण किंचित ओबडधोबड. जुन्या मागाचे हे 'व्यंग' त्या कापडाचा आत्मा मानले जाते. मुंबईच्या गिरणीत मात्र कापडात दोष निघाला की विणकराच्या पगारातून पैसे कापीत आणि ते बिघडलेले कापडच त्याच्या गळ्यात मारीत. ज्या दोषासाठी कामगाराची मजुरी कापली गेली त्याच दोषासाठी आज गिऱ्हाईक जादा पैसे मोजते. दोष दोन्हीकडे एकच असला, तरी त्याची किंमत कोणी द्यायची आणि कोणी वसूल करायची हे धनीच ठरवतो.

४

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. त्याच अध्यायात ब्राह्मणाने आपत्काळातही विकू नयेत अशा वस्तूंच्या यादीत मद्य आणि लाख यांच्या जोडीला नीळ आहे. म्हणजे जुने कापड आमच्या अंगावर कायद्याने चढवले गेले आणि निळीला विटाळ लावला गेला. हा नुसता पोथीतला मजकूर नव्हता. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी कथा आपल्या उदगीर-देगलूरच्या बाजूला पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. त्या 'हक्कां'त मढ्यावरच्या कापडाचा हक्क होता. प्रेताच्या अंगावरून काढलेले कापड घरी आणायचे आणि त्याला हक्क म्हणायचे! गुलामीला हक्काचे नाव दिले की गुलाम तिचे रक्षण करू लागतो.

म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी लुगड्याविषयी बोलले, यात विसंगती नाही. जातीची खूण पटवणारी नेसण्याची पद्धत सोडा, स्वच्छ राहा, अंगावरचे कथिला-पितळेचे जडशीळ दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. कायदा पोथीत जळाला, तो अंगावरूनही उतरायला हवा होता. स्त्रियांनी तेथल्या तेथे नेसणे बदलले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यामागे हा सारा संघर्ष उभा आहे. स्वच्छ कपडा घातला म्हणून मार खाल्लेल्या गावांची आठवण त्या इस्त्रीत आहे. आणि ज्या निळीला पोथीने विटाळ लावला, तो निळा रंग १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यावर चढला. पँटीचा निळा रंग उडण्यासाठी असतो. झेंड्याचा निळा रंग टिकण्यासाठी आहे.

नांदेडला शेवटच्या निझामाच्या नावाची उस्मानशाही मिल होती. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. आज तिचा भोंगा वाजत नाही. याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच ४४ हे संकरित वाण दिले, आणि त्याआधी या भागाची गावरानी कपाशी सूतगिरण्यांत नावाजलेली होती. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचे कापड हातमागावर विणले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावर केलेल्या पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली आणि हातमागाच्या ध्वजाला स्वस्त स्पर्धक उभा राहिला. शेजारच्या यवतमाळला लोहारा येथे डेनिमचा मोठा कारखाना आहे. म्हणजे कपाशी आमची, शेजारी डेनिम, जवळच ध्वजाची खादी. कामाच्या कापडाचा इतिहास शोधायला ओसाकाला जाण्याची आपल्याला गरज नाही.

मग आपला कामाचा पोशाख कोणता? नांदेड जिल्ह्यात कोणत्याही कपाशीच्या शेतात दिवाळीच्या सुमारास जावे. वेचणीला आलेल्या मजूर बायका लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालतात. डोक्याला फडके, कमरेला ओटी. बोंडाच्या वाळल्या टोकांनी हात ओरबाडू नयेत, उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्यांनी स्वतः शोधलेला हा पोशाख आहे. तो कोणी पेटंट केला नाही. तो सदरा कधी नवऱ्याचा असतो, कधी मुलाच्या शाळेच्या गणवेशाचा. शेतात विरला की त्याचे तुकडे वाकळेत जातात आणि वाकळेतूनही उरले तर पोतेरे होते. एका सदऱ्याला चार जन्म! शौकिनांच्या कसोट्या लावल्या तर झीज, ठिगळे, उडालेला रंग, अंगाच्या घड्या, सारे या सदऱ्यात आहे. पण तो कोणी जमवत नाही. कारण त्यात हौस नाही आणि तो घालणारीला तो न घालण्याचा पर्याय नाही.

५

येथे खरा भेद हाती येतो. तेच कापड हौस म्हणून अंगावर घेणे आणि सक्ती म्हणून अंगावर येणे यांत इतिहासाएवढे अंतर आहे. ज्याला कपड्यावरून कोणी कधी हाकलले नाही तो फाटके घालून तसाच प्रतिष्ठित राहतो. ज्याला कपड्यावरून जोखले गेले त्याला फाटके परवडत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण तेवढ्यावर थांबणे मला मान्य नाही.

अमेरिकेतल्या काळ्या जनतेच्या चळवळीतही हाच वाद झाला. मोर्चाला येताना देवळात जाण्याचे उत्तम कपडे घालायचे, म्हणजे गोऱ्यांना बोट ठेवायला जागा राहत नाही, ही वडीलधाऱ्यांची रीत होती. १९६० नंतर विद्यार्थ्यांच्या समन्वय समितीचे, 'स्निक'चे, तरुण कार्यकर्ते मिसिसिपीच्या खेड्यांत गेले आणि त्यांनी तेथल्या कुळांचा निळा डेनिमचा पोशाख अंगावर घेतला. शिकलेली मुले मजुराच्या कपड्यात मजुराच्या दारात मतनोंदणीसाठी उभी राहिली. तेच कापड, पण आता ते नात्याची खूण झाले. ज्या देशाच्या काळ्या चळवळीकडे पाहून १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर हे नाव उभे राहिले, त्या देशाचा हा अनुभव आपण विचारात घ्यावा.

तेव्हा विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा तो पँट फाटकी का, हा नव्हे. ही पँट तुला कोणाच्या जवळ नेते, हा प्रश्न विचारला पाहिजे. ती तुला जाहिरातीतल्या श्रीमंत मुलाजवळ नेत असेल तर तू उसने रूप पांघरले आहेस. ती तुला कपाशीतल्या बाईजवळ, बंद मिलच्या कामगाराजवळ नेत असेल तर खुशाल घाल. निवडीचा हक्क आपण लढून मिळवला आहे. त्या हक्कात इस्त्रीचा सदरा येतो तशी विटकी पँटही येते.

आणि संग्राहकांकडून एक गोष्ट आपण निःसंकोच उचलावी, ती म्हणजे त्यांची चिकाटी. परक्या देशाच्या मजुराचा एक खिसा समजून घेण्यासाठी ते आयुष्य खर्च करतात. आपण आपल्या माणसांसाठी काय जपले? उस्मानशाही मिलमध्ये राबलेली माणसे आता थकली आहेत. विणकाम खात्यात कोण होते, रिंग खात्यात कोण होते, पाण्याची घागर वेगळी होती की एक, हे त्यांनाच ठाऊक. उदगीरच्या खादी केंद्रातल्या विणकरांना, पूर्णेच्या रेल्वे वसाहतीतल्या जुन्या कामगारांना, वस्तीतल्या शिंप्यांना, वाकळा शिवणाऱ्या आयांना विचारायला कोण गेले? नांदेडच्या विद्यापीठाच्या पदरात चार जिल्ह्यांची महाविद्यालये आहेत. प्रत्येक महाविद्यालयातल्या इतिहासाच्या दहा विद्यार्थ्यांनी दर वर्षी एका कामगाराची हकिकत लिहून घ्यावी. घरात बिल्ला, हजेरीचे कार्ड, धोटा, जुना गणवेश असेल तर त्याची नोंद करावी. एक कपाट पुरे आहे. त्या कपाटात वेचणीचा एक सदराही ठेवावा आणि त्याखाली तो घालणारीचे नाव, तिच्या संमतीने, मोठ्या अक्षरांत लिहावे.

कापडाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या कापडाखालच्या अंगाचा इतिहास लिहायचे काम आपल्याकडे आले आहे, आणि ते सांगणारी माणसे फार दिवस वाट पाहणार नाहीत.